घोडा की समोवार

तुर्दाकुनच्या मते घोडा आणि मोटार यांत फरक एकच होता. मोटार लाथ मारत नाही. पुढे एका थंड सकाळी मोटार सुरू करायचं हँडल उलटं फिरून त्याच्या मनगटावर बसलं, तेव्हा त्याने तोही फरक रद्द केला.

तो सायापकेर होता, म्हणजे शर्यतीचे घोडे तयार करणारा. आमच्या कोचकोरच्या खोऱ्यात त्याला न विचारता कोणी शर्यतीच्या घोड्याला ओंजळभर जवसुद्धा घालत नसे. धावून आलेल्या घोड्याच्या मानेवरचा घाम तो बोटावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि सांगायचा, "अजून खारट आहे. इतक्यात पळवू नका." असा माणूस म्हातारपणी मोटारीला भिडला, ही आमच्या गावाची करमणूक होती आणि त्याच्या बायकोचे, बुरुलचे, भोग होते.

मोटार आली तीही घोड्याच्याच वाटेने. शेजारच्या हिशेबनिसाला बापाच्या वर्षश्राद्धाला घोडा कापायचा होता. त्याच्याकडे घोडा नव्हता, मोटार होती. तुर्दाकुनकडे म्हातारा झालेला एक घोडा होता, मोटार नव्हती. सौदा झाला. घोडा पंगतीत गेला आणि मोटार अंगणात आली. सोव्हिएत काळातली, तांबूस रंगाची, डोळे वटारलेली. तुर्दाकुनने तिला प्रदक्षिणा घातली, खूर तपासावेत तशी चाकं तपासली आणि तिचं नाव तोरू ठेवलं. तांबूस घोड्याला आमच्यात तोरूच म्हणतात. त्या दिवसापासून ती मोटार 'ती' राहिली नाही, 'तो' झाली.

शर्यतीच्या घोड्याच्या कपाळावर बांधतात तशी घुबडाची पिसं तोरूच्या कपाळावर बांधली गेली. रेडिएटरला ताईत आला. बॉनेट मात्र उघडायचं नाही. "जिवंत जनावराचं पोट फाडून कोण बघतं?" असं तो विचारायचा. पाणी घालण्यापुरतं तो ते वीतभर उचलायचा आणि पाणी आत जाईपर्यंत डोंगराकडे तोंड करून उभा राहायचा.

शरदात तोरूचा चोक बिघडला. चोक म्हणजे समोरच्या फळीखालची ओढायची खुंटी. थंडीत ती ओढली की आत कार्बोरेटरच्या तोंडावरचं झाकण मिटतं, हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जातं आणि गारठलेलं इंजिन पेट घेतं. इंजिन तापलं की खुंटी आत ढकलायची म्हणजे झाकण उघडतं आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. एके दिवशी तुर्दाकुनच्या हाताला ही खुंटी एकदम सैल लागली. ओढली, आली. ढकलली, गेली. कुठे अडकणं नाही, कुरकुर नाही. तो खूश झाला. "लगाम तोंडात बसला," तो बुरुलला म्हणाला. वास्तविक तार आतून सुटली होती आणि झाकण मिटलं ते मिटलंच होतं. पण हे कळायला बॉनेट उघडावं लागलं असतं.

तेवढ्यात हिवाळा आला आणि हा बिघाड तुर्दाकुनच्या पथ्यावर पडला. अख्खं गाव पहाटे आपापल्या मोटारीखाली शेणी पेटवून इंजिन शेकत बसायचं. तोरूचं झाकण कायम मिटलेलं, त्यामुळे तो पहिल्या हाकेला उठायचा. ढगासारखा काळा धूर सोडायचा, दुकानापर्यंत जायचा, परत यायचा. एवढ्या थंडीत तो तापायलाच वेळ नव्हता. लोक थक्क झाले. "काय खाऊ घालता त्याला?" हिशेबनिसाने स्वतः येऊन विचारलं. ही मोटार त्याच्याकडे होती तेव्हा एकदाही धड सुरू झाली नव्हती.

"खायला काय, सगळेच घालतात," तुर्दाकुन मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "शिस्त लागते."

वसंतात ऊन पडलं तसा तोरू वाटेत थांबायला लागला. तापला की धडपडायचा, खोकायचा आणि बंद पडायचा. गार झाला की पुन्हा चालायचा. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. तुर्दाकुनला मात्र यात आयुष्यभराची विद्या खरी ठरताना दिसली. धावून तापलेला घोडा आधी निववावा लागतो, घाम सुकेपर्यंत त्याला चारा नाही, पाणी नाही. तो तोरूवर घोंगडी टाकायचा, पेट्रोल पाजायचा नाही, ओसाड रस्त्यावर त्याच्या शेजारी बसून राहायचा. मग चावी फिरवली की तोरू चालू. हा इलाज एकदाही फसला नाही, आणि न फसणाऱ्या इलाजाइतकं माणसाला दुसरं काही बिघडवत नाही. गावातल्या मोटारवाल्यांनीही त्याची शिकवणी धरली. संध्याकाळी शाळेच्या मैदानात चार-पाच बाप्ये आपापल्या चांगल्या चालणाऱ्या मोटारी बंद करून, निववायला म्हणून, ढकलत गोल फिरवायचे. मधोमध तुर्दाकुन उभा असायचा. एखादी थांबली की ओरडायचा, "बसू देऊ नका, पाय आखडतील."

या सगळ्यात एकटी बुरुल विरोधात होती.

"हा काळा धूर बघा," ती म्हणायची. "समोवारात चहाचं पाणी तापवताना धुराच्या नळीवर झाकण राहिलं की असाच काळा धूर येतो. याची हवा कुठेतरी कोंडली आहे. पेट्रोलचा कच्चा वास येतोय, कळत नाही का?"

"समोवार कधी डोंगर चढला आहे का?"

"तुमचा घोडा तरी कुठे चढतोय?"

यावर तुर्दाकुन उठून तोरूकडे जायचा. घोडा की समोवार, हा वाद त्या घरात हिवाळ्यापासून चालू होता आणि दोघांपैकी कोणीही बॉनेट उघडून तो मिटवत नव्हतं. तो उघडत नव्हता श्रद्धेपोटी. ती उघडत नव्हती, कारण मग नवऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती, एवढं तिला कळत होतं.

जूनमध्ये मुलीचा निरोप आला. जिपार डोलोन घाटापलीकडे नारीनच्या बाजूला दिली होती. तिच्या मुलीने, बेगायमने, पाऊल टाकायला सुरुवात केली होती आणि तुशू कापायचं ठरलं होतं. आमच्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्या मुलाचे पाय काळ्यापांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधतात. लांबून माणसं धावत येतात. जो पहिला येईल त्याने दोरा कापायचा, म्हणजे मूल मोकळं होतं आणि कापणाऱ्याची चाल त्याला लागते. जिपारने कळवलं होतं, दोरा आपाच्या, म्हणजे आईच्या, हातचा हवा. आणि वडिलांना वेगळं, आके, तुम्ही धावायचं.

 जिपारच्या स्वतःच्या तुशूला तुर्दाकुन घरी नव्हता. सोंग-कोलला एका घोड्यापाशी होता. तो घोडा जिंकला. त्याचं नाव, त्याचा रंग, त्याच्या घामाची चवसुद्धा तुर्दाकुनला अजून आठवत होती. मुलगी चालायला कधी लागली ते आठवत नव्हतं. पुढे तिच्या लग्नालाही तो मांडवात उशिरा पोचला, तेव्हाही कारण चार पायांचंच होतं. या वेळी पोचायचं, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं. बुरुलने दोरा वळला आणि रुमालात बांधून छातीशी ठेवला.

सकाळी लवकर निघाले. सारी-बुलाकपर्यंत तोरू झकास गेला. घाट लागला आणि पहिल्याच चढावर त्याने धाप टाकली. घोंगडी, थांबणं, पुन्हा चालू. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मेंढरांचा एक कळप त्यांना मागे टाकून गेला. मग ते कळपाला मागे टाकून गेले. मग कळप पुन्हा पुढे गेला. धनगर दर वेळी अदबीने हात छातीवर ठेवून सलाम करायचा. तिसऱ्या वेळेला त्यालाच लाज वाटली आणि तो दुसरीकडे बघत गेला.

घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे तोरू पुन्हा बसला. ऊन डोक्यावर आलं होतं. वर हवा विरळ, त्यामुळे तो गार झाल्यावरही उठेना. तुर्दाकुनने हात लावून पाहिलं, घोंगडी सारखी केली आणि म्हणाला, "आज जास्त दमलाय. संध्याकाळपर्यंत निवेल."

"संध्याकाळी तिथे लोक हात धुऊन घरी गेलेले असतील."

"घाई केली तर मरेल तो."

बुरुलने त्याच्याकडे पाहिलं.  उशीर होतोय हे त्याला तिच्याइतकंच कळत होतं, पण हातात विद्या एकच होती आणि ती थांबायला सांगत होती. बुरुल गाडीतून उतरली, घोंगडी ओढून रस्त्यावर टाकली आणि बॉनेट पूर्ण उघडलं. घुबडाची पिसं काचेवर आपटली.

"काय करतेस, बाइबिचे?" बायकोला मानाने मारायची ती हाक मारत तो केविलवाणं म्हणाला आणि सवयीने डोंगराकडे तोंड फिरवलं.

समोवार उघडायला जेवढी अक्कल लागते तेवढीच तिने लावली. वर एक मोठा गोल डबा होता, मधोमध हाताने फिरवायचा नट. तो फिरवला, डबा बाजूला केला. खाली कार्बोरेटरचं तोंड दिसलं आणि त्या तोंडावर रुबलाएवढं, काळं पडलेलं झाकण घट्ट मिटलेलं. तिने बोटाने दाबलं, ते उघडलं. बोट काढलं, आतल्या स्प्रिंगने पुन्हा मिटलं. आतून पेट्रोलचा भपकारा आला.

"ती खुंटी ओढा," ती म्हणाली. त्याने ओढली. झाकण हललं नाही. "आत ढकला." त्याने ढकलली. झाकण ढिम्म. बाजूला सुटलेली तार शेपटीसारखी हलत होती, तेवढीच.

आता तिला म्हणता आलं असतं, बघा, समोवारच निघाला. हिवाळ्यापासून तिने या दिवसाची वाट पाहिली होती. पण नवऱ्याला पोचायचंय हे ती विसरली नव्हती, आणि समोवाराचं नाव काढलं असतं तर तो आणखी तासभर वाद घालत बसला असता.

"इकडे या," ती हळू म्हणाली. "त्याचं नाक बंद आहे."

तुर्दाकुन आला. वाकला. झाकणाकडे बघत राहिला. शर्यतीच्या घोड्याला श्वास पुरावा म्हणून आमच्याकडे पूर्वी नाकपुड्या चिरत असत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.  तो रस्त्यावर फतकल मारून बसला.

"नाक दाबून चढवला मी त्याला," तो म्हणाला. "अख्खा हिवाळा. आणि वर घोंगडी टाकत होतो."

"रडा नंतर. आधी बांधायला काहीतरी द्या. हे उघडं राहिलं की झालं."

बुरुल बोटाने झाकण दाबून उभी राहिली, त्याने चावी फिरवली. तोरू दोनदा शिंकला, काळं ओकला आणि मग असा काही सुरू झाला की दोघांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. पण बोट झाकणावर ठेवून बुरुल बॉनेटवर बसून घाट उतरणार नव्हती. दोरी शोधू लागले. जन्मभर या माणसाच्या खोगिराला तीन-तीन दोर लटकलेले असायचे आणि आज एक नव्हता, कारण मोटारीला दोर कशाला लागतो. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. पट्टा रुंद. काढला तर विजार धरून धावावं लागलं असतं.

उरला रुमालातला दोरा.

"तो नाही," तुर्दाकुन म्हणाला. "तो पोरीचा आहे."

"पोरीच्या पायाशी आधी पोचायला नको?"

"अर्धा तोडून घे मग."

"तोडायचा तो तिथेच. इथे तोडला तर काय राहिलं?"

म्हणून अख्खाच्या अख्खा दोरा कार्बोरेटरला गुंडाळला गेला. बुरुलने झाकणाची कडी मागे ओढून तो फेऱ्यावर फेरे देऊन बांधला आणि ओठातल्या ओठात, पोरीच्या पायाला बांधताना म्हणायची असते ती दुवाही म्हणून टाकली. इतका खटाटोप केल्यावर दुवा राखून ठेवण्यात तिला अर्थ दिसेना.

तोरू घाट चढला. मग तो उतरला, आणि कसा उतरला ते विचारू नका. मेंढरं रस्ता सोडून पळाली. धनगराने या वेळी सलाम केला नाही, त्याने टोपी सांभाळली. वरचा डबा बुरुलच्या मांडीवर होता आणि उघड्या तोंडाने तोरू घाटाची सगळी धूळ गिळत होता.  तुर्दाकुन एकदाच म्हणाला, "याच्यात एवढा वेग होता."

विहीणबाई, म्हणजे जिपारची सासू उल्जान, फाटकातच उभी होती. "दोनदा पिठाचे बोरसोक तळले," ती म्हणाली. "लोकांनी खाल्ले. पुन्हा तळू का? मी म्हटलं दुकानातला दोरा बांधा आणि उरका, तर तुमची लेक ऐकेल तर शपथ. पोरीला धरून बसलीय."

"दोरा आणलाय," बुरुल म्हणाली आणि सगळ्यांदेखत बॉनेट उघडलं.

पाव्हणेमंडळी भोवती जमली. आजोळचा दोरा इंजिनातून काढतात हे त्यांनी प्रथमच पाहिलं. बुरुलने फेरे सोडले, तोरूने एक उचकी दिली आणि तो गप झाला. दोऱ्यातला पांढरा काळा झाला होता आणि काळा त्याहून काळा.

उल्जानने त्याचा वास घेऊन पाहिला. "हा बांधायचा? पोरगी पेटली म्हणजे?"

"चुलीपासून लांब ठेवू."

जिपारने तो आईच्या हातून घेतला आणि बेगायमच्या पायांना बांधला. बेगायमने तो लगेच तोंडात घालायचा प्रयत्न केला.

धावणारे पॉपलरच्या रांगेपाशी उभे राहिले. दहा-बारा पोरंपोरी आणि त्यांच्यात तुर्दाकुन, खोगिरावर वाकलेल्या कमानदार पायांचा. खूण झाली. शर्यतीत आधी दम राखायचा, अर्ध्यानंतर सोडायचा, हे त्याने स्वारांना जन्मभर शिकवलं होतं. त्याने दम राखला. तो राखेपर्यंत शर्यत संपली. शेजाऱ्यांची एक चुणचुणीत पोर केव्हाच पोचून सुरीसाठी हात पुढे करून उभी होती आणि तुर्दाकुन मैदानाच्या मध्यावर, छातीवर हात धरून, गवतात बसला होता. कोणी हसलं. तो मान खाली घालून राहिला. पोचला होता आणि तरी राहून गेलं होतं.

जिपारने बेगायमला उचललं, पाय बांधलेले तशीच. सुरी घेतली आणि मैदानात चालू लागली.

"शर्यतीला नियम असतो," उल्जान मागून म्हणाली.

"बक्षीस त्या मुलीलाच द्या, आई. पहिली तीच आली." जिपार थांबली नाही. वडिलांपाशी आल्यावर तिने पोरीला त्यांच्यासमोर उभं केलं. "माझ्या तुशूला कोण धावलं होतं माहीत आहे, आके?"

तुर्दाकुनने नाही म्हणून मान हलवली. कुणीतरी कापला असेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"कोणीच नाही. तुम्ही येताय म्हणून आपाने धावणाऱ्यांना थांबवून ठेवलं. अंधार पडला, लोक गेले. मग तिनेच कापला, एकटीने, भाकरीच्या सुरीने. मला मावशीने सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "म्हणून मी आज कुणाला कापू दिला नाही. रात्र झाली असती तरी दिला नसता."

बुरुल मागून येऊन उभी राहिली होती, नखातलं वंगण काढत.

"तू बोलली नाहीस कधी," तुर्दाकुन तिला म्हणाला.

"तुम्ही आलात तेव्हा जिंकलेल्या घोड्याचंच सांगत होतात. मध्ये कुठे बोलायचं?"

त्याने सुरी घेतली. पण डोळ्यांत पाणी आल्याने त्याला दोरा कुठे आणि पाय कुठे ते दिसेना. बेगायम त्याच्या मिशा धरून उभी होती.

बुरुल गुडघ्यावर बसली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "हळू," ती म्हणाली. "मागच्या वेळी मला एकटीला फार जड गेलं होतं."

मग दोघांनी मिळून तो दोरा कापला.